तापणारा आणि अडखळणारा लॅपटॉप

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या गेमिंग लॅपटॉपवर खेळ वीस मिनिटे सुरळीत चालतो; नंतर चित्र अडखळते आणि कीबोर्डवर हात ठेववत नाही. रॅम वाढवावी का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : रॅमवर तूर्त खर्च करू नये. सुरुवातीची वीस मिनिटे खेळ नीट चालतो, म्हणजे यंत्राची ताकद पुरेशी असावी. प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की तो स्वतःच्या बचावासाठी वेग घटवतो, थोडा निवला की पुन्हा वाढवतो, आणि हाच चढउतार आपल्याला अडखळणे म्हणून जाणवतो. तापमान दाखवणारे एखादे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून याची खात्री करून घ्यावी.

लॅपटॉप गादीवर ठेवत असाल (बहुतेक जण ठेवतात!), तर आधी तो टेबलावर आणावा, कारण हवा बहुधा तळातूनच आत ओढली जाते. तीन वर्षांत पंख्यामागच्या धातूच्या बारीक पात्यांवर धुळीचा जाड थर बसतो. तो जाणकाराकडून साफ करून घ्यावा आणि त्याच वेळी प्रोसेसर व ग्राफिक्स चिपवरची सुकलेली थर्मल पेस्टही (चिपची उष्णता धातूकडे वाहून नेणारा लेप) बदलून घ्यावी. स्वतः ब्लोअर वापरल्यास पंख्याची पाती अडवून धरावीत, अन्यथा ती भलत्या वेगाने फिरून पंखा निकामी होऊ शकतो.

तोवर खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची (दर सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या चित्रांची) मर्यादा ६० ठेवावी. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के केल्यास सहसा टर्बो बूस्ट (प्रोसेसरने गरजेनुसार घेतलेला जादा वेग) थांबतो आणि तापमान बरेच उतरते. कूलिंग पॅडचा (लॅपटॉपखाली ठेवायच्या पंख्यांच्या स्टँडचा) विचार माझ्या मते सर्वांत शेवटी करावा.