टेम्स नदीवरची दरवर्षीची एकेरी होडीशर्यत ठरावीक तारखेला, ठरावीक वेळेला का होत नाही?

भरतीमुळे. तुम्ही बहुतेक 'डॉगेट्स कोट अँड बॅज'बद्दल विचारताय. टॉमस डॉगेट या आयरिश नटाने राजा पहिला जॉर्ज गादीवर आल्याची आठवण म्हणून 1715 मध्ये ती सुरू केली. लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत, सुमारे साडेसात किलोमीटर, तेही प्रवाहाच्या वरच्या दिशेला. समुद्राची भरती लंडनच्या आतपर्यंत चढते, त्यामुळे पाणीच होडीला पुढे ढकलतं. पण भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून आयोजक आधी भरतीचं वेळापत्रक बघतात, मग दिवस ठरवतात.

पूर्वी मात्र उलट होतं. ओहोटीच्या पाण्याविरुद्ध, प्रवासी नेणाऱ्या जड होड्या दोन-दोन तास वल्हवत न्यायच्या! 1873 पासून भरतीबरोबर जातात. आता हलक्या शर्यतीच्या होड्या, हातात दोन वल्ही, आणि जेमतेम अर्ध्या तासात खेळ खलास. मला विचाराल तर खरी शर्यत जुनीच.

उतरतात ते टेम्सवर उमेदवारी केलेले तरुण नावाडी. जिंकणाऱ्याला लाल कोट मिळतो आणि त्याच्या बाहीवर चांदीचा भला मोठा बिल्ला, त्यावर हॅनोव्हर घराण्याचा, म्हणजे त्या जॉर्ज राजाच्याच घराण्याचा, घोडा.