‘डन’ कधी म्हणायचं?

“मॅडम, कंपनी वाढतेय, पण हवी तेवढी नाही.” बाणेर, बालेवाडी, खराडीहून येणाऱ्या तरुण उद्योजकांकडून हे वाक्य समुपदेशक म्हणून मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. त्यातल्याच एकाची ही हकीकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

वय तेहेतीस. हिंजवडीतली नोकरी सोडून मित्रांबरोबर कंपनी काढलेली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमना कुणाकडे कोणतं काम आहे, कुठे काय अडलंय हे एका जागी दिसावं, असं सॉफ्टवेअर ही मंडळी बनवतात. तीन वर्षांत ३१ टीम पैसे भरून ते वापरू लागल्या, चाराची चौदा माणसं झाली. तरी हा रात्री तीनला उठून ग्राहकांचा आलेख बघायचा.

“तुलना कुणाशी करता?”

“जिराशी.”

जिरा हे अशाच कामाचं, जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. ते २००२ साली बाजारात आलं, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे तुलना किती अन्यायाची आहे ते त्याला ठाऊक होतं. हुशार माणसाला असे युक्तिवाद पाठच असतात. पण युक्तिवादांनी झोप लागत नाही, म्हणून मी तिकडे गेलेच नाही.

ग्राहकाचा प्रत्येक फोन तोच घ्यायचा. “चार माणसांत बोलण्याच्या जोड्या ६ होतात, चौदांत ९१,” हा हिशेबही त्याचाच.

“मग ९१ जोड्यांच्या मधे तुम्हीच का?”

“मी हात काढला आणि वाढ थांबली तर?”

चौथ्या भेटीत मी कोऱ्या चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. डोक्यात असेल ते लिहा आणि टेबलावर तुमच्या सॉफ्टवेअरसारखेच रकाने करा, म्हटलं. करायचंय, चालू आहे, झालं. बावीस चिठ्ठ्या निघाल्या. एकवीस भराभर लागल्या. एक हातातच राहिली: ‘आपण मागे पडता कामा नये.’

“ही कुठे?”

“चालू आहे.”

“आणि ‘झालं’मध्ये कधी जाईल?”

तो चिठ्ठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, असं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, कुणी टाकलं तर आम्ही ते परत पाठवतो.”

“का?”

“‘डन’ कधी म्हणायचं ते यात लिहिलेलंच नाही. हे कुणालाच बंद करता येणार नाही.”

बोलून तो थांबला. डोळे भरून आले. तीन वर्षं तो रोज रात्री तेच तिकीट उघडून बसत होता.

अशा मुलांना कामाचा बोजा झेपत नाही, असं मीही पूर्वी धरून चालत असे. पण त्या एकवीस चिठ्ठ्यांनी त्याची झोप उडवली नव्हती. झोप उडवली होती ‘कामा नये’नं. माझी सगळी भिस्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर आहे, आणि त्या दुपारी ती का आहे ते मला पुन्हा कळलं. इच्छा माणसाला कामाला लावते. तिचा हट्ट झाला की तीच त्याचा छळ मांडते. ‘वाढावं असं मला मनापासून वाटतं’ आणि ‘वाढलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ ही दोन वाक्यं बाहेरून सारखी दिसतात.

तुमचीही झोप अशी उडत असेल तर आधी ते वाक्य कागदावर उतरवा, जसं मनात येतं तसंच. त्यात ‘च’ किंवा ‘कामा नये’ कुठे आहे ते शोधा. मग तेच वाक्य असं लिहा की एखाद्या तारखेला ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ म्हणता येईल, आणि नाही झालं तर काय करायचं तेही त्याच कागदावर लिहा. हे शेवटचं टाळू नका, भीती तिथेच दबा धरून असते. ‘मी नालायक’ हे ‘काय करायचं’चं उत्तर नव्हे. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण तुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कागदावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. माझ्याकडे येणाऱ्या काहींना मी स्वतः पाठवते.

पुढच्या भेटीला तो नवी चिठ्ठी घेऊन आला. ‘डिसेंबरअखेर ५० टीम. नाही झाल्या तर दर आणि विक्रीची पद्धत नव्यानं ठरवायची. ग्राहकांचे फोन आजपासून दुसरं कुणी घेईल.’

डिसेंबरअखेर ४४ झाल्या. फोनवर त्यानं आकडा सांगितला आणि त्याच दमात म्हणाला, “सोमवारी दरांवर बसतोय सगळे.”