फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्टसाठी विषय कसा निवडू?

खूप मोठा विषय घेऊच नकोस, लकव्यावर नवीन थेरपी वगैरे थोड्या महिन्यांत होत नाही, तेवढे पेशंटच मिळत नाहीत. त्यापेक्षा साधी मोजता येणारी गोष्ट घे, जसं टाइम्ड अप अँड गो टेस्ट, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं आणि सेकंद मोजायचे. दोघांनी मोजल्यावर आकडे जुळतात का, हासुद्धा खरा रिसर्च आहे बरं का. गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने, गुडघा मोजताना मैत्रिणीचा नि माझा आकडा ५ अंशांनी वेगळा यायचा, कारण ती मांडीच्या हाडाचा उंचवटा जरा खाली धरायची. एथिक्स कमिटीची परवानगी मात्र आधीच घे, डेटा नंतर. आणि म्हाताऱ्या माणसांची टेस्ट घेताना शेजारी कुणीतरी उभं राहायलाच हवं.