पॅथॉलॉजीचा तास खाटेपाशी

प्रश्न : मी एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. तिसऱ्या सत्राची पॅथॉलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं त्याचं शास्त्र) यंदा माझ्याकडे आली. तास 20 आणि हाताशी पुस्तक एमबीबीएसचं. मुलं नेक्रोसिसचे, म्हणजे शरीरातला भाग जागीच मरण्याचे, प्रकार धडाधड म्हणून दाखवतात, पण वॉर्डात पेशंटचा पाय बघून त्यांना काही सांगता येत नाही. 'नर्सला एवढं कशाला?' असं सहकारीही विचारतात. काय शिकवू आणि काय सोडू? — एक ट्यूटर, फोंडा

उत्तर : खोलात न्या, मात्र सगळीकडे नेऊ नका. 20 तासांत त्या जाड पुस्तकाची अनुक्रमणिका संपवायला गेलात तर मुलांच्या हाती पाठांतराशिवाय काही लागणार नाही. पेशीला होणारी इजा, दाह, जखम भरणं, सूज, रक्ताची गुठळी आणि शॉक एवढं पक्कं करा. गाठींना दोन तास द्या : साधी कुठली, कॅन्सरची कुठली, ग्रेड म्हणजे काय, स्टेज म्हणजे काय. अमायलॉइड नावाचं साचलेलं प्रथिन स्लाईडवर कुठल्या रंगाने कसं दिसतं, दाहातल्या रसायनांची यादी काय, हे खुशाल सोडा. परीक्षेत आलंच तर दोन मार्क जातील, जाऊ देत.

'नर्सला एवढं कशाला' म्हणणाऱ्यांना एक विचारा. डॉक्टर राउंडला येतो, दहा मिनिटं थांबतो आणि जातो. पुढचे आठ तास पेशंटच्या अंगात काय बदलतंय ते कोणाच्या डोळ्यांसमोर घडतं? ते ओळखायचं शिक्षण म्हणजे जनरल पॅथॉलॉजी. म्हणून मी तर म्हणेन, डॉक्टरपेक्षा नर्सला ती कमी नको, वेगळ्या टोकाने हवी. डॉक्टर विद्यार्थ्याला आपण स्लाईडकडून पेशंटकडे नेतो. नर्सिंगच्या मुलांना पेशंटकडून सुरुवात करून द्यावी, स्लाईड मागाहून आली तरी चालते.

माझा पहिला तास कायम बेडसोरचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेचा, असायचा. वर्गात प्रत्येकीला स्वतःच्या हातावर अंगठा दाबून धरायला सांगायचे. सोडला की जागा फिकी दिसते आणि लगेच रक्त परत येतं. मग वॉर्डात जायचं. खुब्याचं हाड मोडून पडून राहिलेली आजी असतेच. तिला विचारून, आडोसा करून कुशीवर वळवायचं आणि माकडहाडावरचा लालसर डाग बघायचा. बोटाने दाबला तरी लाली जात नाही. इथे थांबून बोलायचं : हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं गेलंय, केशवाहिन्या बंद पडल्यात, ऑक्सिजन पोचत नाही, पेशी मरायला लागल्यात. कातडीपेक्षा स्नायूला रक्ताचा तुटवडा कमी सोसतो, म्हणून वर रुपयाएवढं दिसतं तेव्हा आत बरंच मोठं असू शकतं. हे एकदा कळलं की दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता ती मुलगी मनापासून भरते. स्पिरिट आणि पावडर लावून तो डाग चोळायची जुनी सवयही तिची तीच सोडते, कारण दुखावलेल्या केशवाहिन्या चोळल्याने आणखी फाटतात हे आता तिला ठाऊक असतं.

आणखी एक, जे परदेशी पुस्तकांतले फोटो बघून कळत नाही. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसतेच असं नाही. रंगावर विसंबू नका. हाताची मागची बाजू लावून जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा गार आहे का ते बघायला शिकवा. बोटाला ती घट्ट किंवा लिबलिबीत लागते का, आजीला तिथे दुखतं का, हेही विचारायला लावा.

तीच आजी गुठळीच्या तासालाही कामाला येते. रक्त साचून राहणं, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा आणि रक्ताचा गोठण्याकडे वाढलेला कल ही व्हिर्को या जर्मन पॅथॉलॉजिस्टच्या नावाने ओळखली जाणारी गुठळीची तीन कारणं. खुबा मोडून पडलेल्या माणसात ती तिन्ही एका ठिकाणी सापडतात. एकाच पोटरीला सूज, दुखणं, उष्णता दिसली की चोळायचं नाही आणि लगेच कळवायचं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर काय होतं ते त्याच खाटेपाशी सांगा, विसरणार नाहीत. (जाता जाता : पणजीची मेडिकल शाळा 1842 ची. आजार पेशीत शोधायचा हा विचार व्हिर्कोने बर्लिनमध्ये 1858 साली मांडला, त्याच्याही आधीची. आपल्या मुलांना हे सांगावं, त्यांना अभिमान वाटतो.)

दाह शिकवायला कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवलेली सलाईनची नळी, पुरे. लाली, उष्णता, सूज, वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवली आणि तुमच्या वॉर्डात ती आज कोणाच्या तरी मनगटावर दिसतील. शीर सुतळीसारखी ताठ लागते तेही बोटाने तपासू द्या. पण दाहाचा खरा धडा त्याच्या पुढे आहे, आणि तो बहुतेक वर्गांत राहूनच जातो. पू कशाचा बनतो? मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशींचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. मग केमोथेरपीने ज्याच्या न्यूट्रोफिल संपल्यात, त्याच्या जखमेत पू येणार कुठून? तिथे लाली थोडी, सूज थोडी, पू नाही, आणि आत जंतू मोकाट. ताप हीच एकटी खूण. भरपूर स्टेरॉइड घेणाऱ्याला तर तापही दबलेला असू शकतो. 'जखम स्वच्छ दिसते' असं अशा पेशंटच्या नोंदीत लिहिणारी नर्स आणि 'ताप 38.3 सेल्सियस, लगेच कळवलं' असं लिहिणारी नर्स, यांच्यातला फरक तुमच्या त्या एका तासात पडतो. त्या तासासाठी बाकी काहीही कापा.

सूज शिकवायला दारूने लिव्हर गेलेला पेशंट घ्या. आपल्याकडच्या मेडिसिन वॉर्डांत तो शोधायला लागत नाही, हे दुर्दैव आहे. लिव्हरमध्ये चट्टे पडले, रक्ताला वाट मिळेना, आतड्याकडून लिव्हरकडे येणाऱ्या पोर्टल शिरेत दाब वाढला. आल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पुरेसं बनत नाही, म्हणून पाणी वाहिनीत टिकत नाही. त्यात किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. पोट का फुगलं ते मुलांनी या तीन धाग्यांनी स्वतः सांगायचं. मग विचारा : पोटाचा घेर रोज त्याच जागी, पेनाने खूण करून का मोजायचा? वजन रोज सकाळी, त्याच काट्यावर का? उलटी काळी किंवा लाल झाली तर धावायचं का? पेशंट दिवसा झोपायला लागला आणि हात पुढे करायला सांगितल्यावर पंजे फडफडले, तर त्याचा अर्थ काय? एका माणसाभोवती तुमचे तीन-चार तास उभे राहतात. पेशंटशी मात्र मुलांनी आदराने बोलावं. दारूवरून त्याला ऐकवणारे घरी पुष्कळ असतात.

वायवाला (तोंडी परीक्षेला) 'नेक्रोसिसचे प्रकार सांग' असं विचारणं बंद करा. मधुमेही माणसाचा काळा पडलेला अंगठा दाखवा आणि विचारा, हे सुकं गँगरीन की ओलं, कशावरून, आणि सुक्याचं ओलं व्हायला लागलं हे तुला कसं कळेल? वास, पाणी सुटणं, काळ्या-लाल भागांमधली रेघ पुसट होत वर सरकणं. हे जिला आलं तिला प्रकार आलेच.

प्रश्न : थिएटरच्या पोस्टिंगला असताना काढलेली गाठ फॉर्मॅलिन (नमुना टिकवायचं द्रावण) नाही म्हणून सलाईनमध्ये ठेवायला सांगितली. रात्रभर राहिली तर काय बिघडतं? आणि एका ट्यूबमधलं जास्तीचं रक्त दुसरीत ओतलं तर? सगळे तसं करतात. — एक विद्यार्थिनी, पेडणे

उत्तर : पुष्कळ बिघडतं. शरीराबाहेर आल्यावर पेशी आपल्याच एन्झाइमने विरघळायला लागते. सलाईन ते थांबवत नाही, फॉर्मॅलिन थांबवतं. 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिन, गाठीच्या निदान दहापट, रुंद तोंडाच्या बरणीत. पेनिसिलिनच्या बाटलीत कोंबलेला तुकडा मध्यभागी तसाच सडतो. फॉर्मॅलिन खरोखरच नसेल तर लगेच लॅबला फोन करून गाठ तशीच पोचवायची. तोवर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये कधीच नाही. दोन अपवाद लक्षात ठेव : फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच गोठवून करायच्या तपासणीला) ताजी गाठच जाते, आणि कल्चरला (जंतू वाढवून बघायला) पाठवायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घातला तर जंतू मरतात. रक्ताचा नमुना पुन्हा घेता येतो, पण काढलेली गाठ दुसऱ्यांदा काढता येत नाही. म्हणून थिएटरमध्ये 'लेबल लावलं का, फॉर्मॅलिन घातलं का' असं मोठ्याने विचारायला लाजू नकोस.

रक्त ओतण्याचं : जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं असतं, त्यात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियमला बांधून टाकतं. ते रक्त बायोकेमिस्ट्रीच्या ट्यूबमध्ये गेलं की पोटॅशियम खोटंच वाढलेलं आणि कॅल्शियम खोटंच उतरलेलं येतं. नीट असलेल्या माणसाला मग पोटॅशियम उतरवायची औषधं सुरू होऊ शकतात. सगळे करत असतील तरी तू करू नकोस. रक्त कमी पडलं तर तसं सांग आणि पुन्हा घे.

प्रश्न : मुलगी चौथीपर्यंत मराठीत शिकली, पुढे इंग्रजीत. आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाईल. बरणीतले अवयव बघायची तिला भीती वाटते आणि इंग्रजी नावांचीही. काय करावं? — एक पालक, सत्तरी

उत्तर : नावं दोन महिन्यांत सरावाची होतात. शिकलेला आजार तिला रोज रात्री घरी मराठीत नाहीतर कोंकणीत समजावून सांगू द्या, आणि तुम्ही मध्ये प्रश्न विचारा. पुढे वॉर्डात नातेवाइकांना तिला तसंच सांगायचं आहे. बरण्यांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी पोटभर नाश्ता करून जावं, मळमळलं तर बाहेर येऊन बसावं आणि पुन्हा आत जावं. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरले तर खिडक्या उघडायला सांगावं. बरण्यांचं ते पॅथॉलॉजी म्युझियम बंदिस्त ठेवणं तसंही बरं नाही.