वडील कोणाचंच ऐकत नाहीत, मुलीने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७६ वर्षांचे, गाडी चालवायचं सोडत नाहीत, गोळ्यांच्या वेळा पाळत नाहीत, काही सांगायला गेलं की ‘हो हो’ म्हणतात आणि करायचं तेच करतात. भाऊ म्हणतो, आता बोलण्यात अर्थ नाही. मला एकच विचारायचंय : त्यांचे कान तपासलेत का?

चिडू नका. ‘बाबा कोणाचं ऐकत नाहीत’ हे वाक्य आमच्या घरात दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ चालायचं, म्हणून विचारते.

आमचे बाबा तेव्हा ७३ चे. आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. हाडबीड मोडलं नाही, पण उठता येईना. दार लोटलेलं, नळ चालू, आणि बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. मध्ये जेमतेम दहा पावलं. आईने हाका मारल्या. किती, ते ती दर वेळी वेगळं सांगते, पण तिचा घसा बसला होता हे मी स्वतः फोनवर ऐकलंय. शेवटी दादा कामावरून आला, त्याने तिला उठवलं. आणि मग तो बाबांवर जो सुटला! बाबा गोंधळून एवढंच म्हणाले, “मला वाटलं, नळाचा आवाज आहे.”

पडण्यापेक्षा हे वाक्य आईला जास्त लागलं. नऊ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. दादाचं निदान तयारच होतं, सोयीचं बहिरेपण. “मी बोललो की बरोब्बर ऐकू येतं त्यांना. तुम्हा बायकांचंच कसं येत नाही?”

माझं डोकं फिरलं ते यावर. कारण खोटं नव्हतं ते. बाबा दादाचं ऐकतात, आमचं नाही, हे मी लहानपणापासून बघत आलेय. तरी रजा टाकून गेले आणि ‘कानातला मळ काढून आणू’ म्हणून बाबांना घेऊन गेले. मळ निघालाही, थोडासा. मग काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवलं, हातात बटण दिलं. बीप ऐकू आली की दाबायचं. ऑडिओलॉजिस्ट बाई आवाज वाढवत होत्या आणि आत बाबा बटणावर अंगठा ठेवून, भुवया आवळून बसलेले. दाबतच नव्हते. मग बाईंनी ओठ झाकून शब्द म्हटले. ‘साप’ला बाबा म्हणाले ‘ताप’. ‘पाटी’ला ‘काठी’. ‘सात’ला ‘हात’. स्वर सगळे बरोबर, व्यंजनं अंदाजपंचे.

वयाने कान जातो तो वरच्या पट्टीकडून. आ, ई, ओ हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस, ते पोचतात. स, त, थ, फ, क हे वरच्या पट्टीतले आणि मुळातच क्षीण, ते आधी गळतात. म्हणून ‘ऐकू येतं पण कळत नाही’ अशी तक्रार असते आणि माणसाला स्वतःला आपण बहिरे झालोय असं वाटत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज तसेही वरचे. आमच्या दादाचा आवाज खर्जातला. बाबा त्याचं ‘ऐकत’ नव्हते, त्याचं ऐकू येत होतं.

आणखी एक. हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि जरा वाढवलं की एकदम कानात टोचतं, कारण मधली जागाच अरुंद होते. म्हणून तीनदा “काय?” आणि चौथ्यांदा “ओरडतेस कशाला!” याला आम्ही स्वभाव म्हणत होतो. आणि ‘हो हो’ म्हणजे होकार नाही. चौथ्यांदा विचारायची लाज वाटते म्हणून ते असतं.

दादाला हे सगळं तपासणीच्या आलेखासकट दाखवलं. “बरं,” म्हणाला. बाबांना सॉरी अजून म्हटलेलं नाही त्याने.

पण सगळं खापर कानांवर फोडणार नाही मी. एकोणीस वर्षांची असताना बाहेर शिकायला जाऊ द्या म्हणून मी जे बोलले होते, तेव्हा बाबांचे कान ठणठणीत होते. ऐकायचं मशीन लावल्यावर एकदा तो विषय मी काढलाच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग मशीन काढलं आणि त्याच्याबरोबर आलेल्या छोट्या ब्रशने ते साफ करत बसले.

मशीनचंही सांगते. चष्म्यासारखं पहिल्याच दिवशी काम होत नाही. मेंदूला सवय व्हायला आठवडे लागतात. पहिले दिवस पेपरची सळसळ आणि स्वतःच्या चपलांचा आवाजही नको होतो, आणि मग ते खणात जातं. तेव्हा घरातले म्हणतात, ‘पैसे वाया.’ (कोण म्हणालं, ते तुम्ही ओळखलं असेलच.) रोज थोडा थोडा वेळ लावा, जमत नसेल तर सेटिंग बदलून आणा. बोलताना समोर या, तोंडावर उजेड असू दे, टीव्ही बंद करा, आधी हाक मारा. नाही कळलं तर तेच वाक्य मोठ्याने म्हणू नका, दुसऱ्या शब्दांत सांगा. स्वयंपाकघरातून सूचना देणं आजपासून बंद.

गाडीचं मला फारसं सांगता येणार नाही. डोळे तपासा, आणि एकदा काही न बोलता शेजारी बसून बघा. चाव्या लपवू नका. लपवल्यात तर पुढे तुमचं खरंच काही ऐकणार नाहीत.

हो, आणि तुमचे वडील निव्वळ हट्टीही असू शकतात. किंवा विसरायला लागलेले. ते वेगळं तपासावं लागतं, पण कानाआधी नाही, कारण ऐकूच न आलेलं आठवणार कसं? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२० साली डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणारी पण बदलता येण्याजोगी जी १२ कारणं मांडली, त्यात मध्यमवयातला श्रवणदोष होताच. मशीन लावलं की विसरणं थांबतं, असा त्याचा अर्थ नव्हे. आणि एकाच कानाने ऐकू येणं अचानक बंद झालं असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, आजच्या आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

राहता राहिला भाऊ. तपासणीला त्यालाच घेऊन जायला सांगा. त्याचं कदाचित ऐकू येईल त्यांना.