वडिलांना कर्करोगाच्या वेदनांसाठी मॉर्फिन दिले आहे. त्याचे व्यसन लागेल का?

आपण ठाण्याहून वडिलांना उपचारासाठी खारघरला नेता आणि मॉर्फिनचे नाव ऐकून घाबरला आहात, हे समजण्याजोगे आहे. परंतु या भीतीपायी त्यांना वेदना सहन करायला लावू नका.

मेंदू आणि मज्जारज्जू यांतील ओपिऑइड ग्राहींना (अफूवर्गीय औषधे जिथे चिकटतात त्या पेशींवरील जागांना) चिकटून मॉर्फिन वेदनेचा संदेश पुढे जाण्यापासून रोखते. हेच ग्राही आतड्यांतही असल्यामुळे बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेलीच असते, आणि मळमळ व गुंगी काही दिवसांत ओसरली तरी ती मात्र ओसरत नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेले रेचक पहिल्या दिवसापासून द्यावे. साध्या गोळीचा परिणाम सुमारे 4 तास टिकतो. त्यामुळे दुखण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी गोळी देणे उत्तम.

शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करू नये. पण ही सवय म्हणजे व्यसन नव्हे, आणि कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली घेताना व्यसनाचा धोका कमी असतो. खरा धोका जादा मात्रेचा आहे, आणि मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांनी तो वाढतो. श्वास मंदावला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आणि हाक मारूनही ते जागे होत नसतील, तर लगेच 108 ला फोन करा; नॅलोक्सोनचे इंजेक्शन हा परिणाम उलटवते. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे या गोळ्या प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाहीत, तेव्हा साठा संपण्याआधीच पुढची सोय करून ठेवा.