नागपुरात फ्लॅट घेतलाय. महापालिकेच्या घरटॅक्सवर नाव ऑनलाइन चढतं का, की एजंट धरावाच लागतो?

अर्ज ऑनलाइन होतो. गाडी अडते ती त्याच्या आधी, आणि तिथे एजंटकडेही जादूची कांडी नसते.

पहिल्यांदा फ्लॅटचा इंडेक्स नंबर, म्हणजे टॅक्सच्या रजिस्टरमधला मिळकतीचा क्रमांक, बघा. बऱ्याच इमारतींची आकारणी बिल्डरच्या नावाने अख्ख्या प्लॉटवर एकाच इंडेक्सखाली राहिलेली असते. फ्लॅटला स्वतःचा नंबरच नसेल तर नाव चढवणार कशावर? अर्ज परत येतो, लोक तोच पुन्हा भरतात, पुन्हा परत येतो. अशा वेळी आधी झोन ऑफिसात स्वतंत्र आकारणी मागायची: विक्रीपत्र, सूची क्रमांक 2 (रजिस्ट्रीचा उतारा; वरच्या इंडेक्स नंबरशी याचा संबंध नाही), आणि नकाशावर आपला फ्लॅट खूण करून. मोजमाप होतं, करयोग्य मूल्य ठरतं, नंबर पडतो, मग नाव. जुन्या इंडेक्सवरची थकबाकी कुणी भरायची हे विक्रीपत्रात लिहून घ्या. तिच्यावर महिन्याला 2 टक्के शास्ती चढत असते.

नंबर आहे, पण डिमांडवर (टॅक्सच्या बिलावर) तुमच्या विक्रेत्याचंही नाव नाही? म्हणजे त्यानेही नाव चढवलं नव्हतं. मधली रजिस्ट्रीही जोडा, नाहीतर साखळी तुटते. कायद्याने हस्तांतराची सूचना 3 महिन्यांत दोघांनीही द्यायची असते. घर विकून मोकळा झालेला माणूस ती देत नाही आणि टॅक्सची नोटीस त्याच्याच नावाने निघत राहते.

अर्जाचा क्रमांक जपा. अर्ज निकाली काढायची मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली 30 दिवसांत पहिलं अपील करा. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. एजंटला द्यायच्या पैशांपेक्षा हे अपील बरं.

मोबाइलवर टॅक्स भरता आला म्हणजे महापालिका डिजिटल झाली, असं म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. पैसे घेणारं पान सगळीकडे आधी चालू होतं. सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) प्लॉटसाठी दिलेलं आर.एल. पत्र आणि टॅक्सचं रजिस्टर यांत एकाच जागेचं वर्णन तीन तऱ्हांनी असेल, तर चकचकीत ॲप काय करणार? निदान विक्रीपत्रातल्या मिळकतीच्या वर्णनात इंडेक्स नंबर घालायला अर्जनविसाला सांगा. फुकटचं काम आहे.

आणि हो, टॅक्स पावती मालकीचा पुरावा नाही. पाण्यासाठी ओसीडब्ल्यूकडे (शहराला पाणी पुरवणारी कंपनी), विजेसाठी महावितरणकडे नावबदलाचे अर्ज वेगळे.